जागा मिळाली, पण राहायचे कुठे?

मराठीत 'जागा' हा शब्द मोठा सोयीचा आहे. कॉलेजात प्रवेश मिळाला की आपण 'जागा मिळाली' म्हणतो आणि भाड्याची खोली मिळाली तरी 'जागा मिळाली' असेच म्हणतो. बारावीचा निकाल लागला की खेड्यातल्या घरात या दोन्ही जागांची काळजी एकदमच सुरू होते. पहिल्या जागेविषयी आपल्याकडे अमाप बोलले जाते. त्यासाठी मोर्चे निघतात, उपोषणे होतात, कायदे होतात, कोर्टकचेऱ्या चालतात. दुसऱ्या जागेविषयी मात्र आई-वडील रात्री जेवणे उरकल्यावर हळू आवाजात बोलतात. आज मला या दुसऱ्या जागेविषयी लिहायचे आहे.

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या ऑगस्टपर्यंत पंचक्रोशीबाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणासाठीचे उपोषण तिथे सुरू झाले, १ सप्टेंबरला पोलिसांचा लाठीमार झाला आणि दोन दिवसांत गावाचे नाव महाराष्ट्राच्या तोंडी झाले. १४ ऑक्टोबरला त्याच शिवारात प्रचंड सभा झाली. पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, तिथून जवळच असलेल्या वडीगोद्रीला ओबीसींच्या आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून दुसरे उपोषण झाले. शेजारशेजारच्या दोन गावांत दोन मांडव पडले आणि दोन्हीकडच्या भाषणांत जागांचाच प्रश्न होता. कुणाचे म्हणणे किती खरे, हा वाद कायदेमंडळात आणि न्यायालयात चालू आहे. तो इथे सोडवायचा माझा विचार नाही. मला एवढेच दिसते की दोन्ही मांडवांत बसलेल्या बापांची मुले बारावीनंतर एकाच एस.टी.त बसतात, एकाच शहरात उतरतात आणि खोली शोधत एकाच गल्लीतून फिरतात.

मी हयातभर मराठवाड्यात शिकवण्याचे काम केले. वर्गात एक गोष्ट दरसाल दिसायची. जुलैत हजेरीपटावर साठ नावे असत. दिवाळीनंतर त्यातली दहा-बारा नुसती नावेच उरत. नाव हाकारले की मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणायचे, "तो गावाकडं गेला, सर." ही मुले नापास झालेली नसत. कॉलेजने त्यांना काढलेले नसे. फी माफ असे, पुस्तकेही ग्रंथालयातून मिळत. चौकशी केली की कारण बहुधा एकच निघायचे. सुरुवातीचे दोन महिने मावसभावाकडे काढले, मग मावसभावाच्या घरी पाहुणे आले. पुढे चौघांत एक खोली घेतली, त्यातला एक सोडून गेला आणि भाडे तिघांच्या आवाक्याबाहेर गेले. मग काही दिवस 'अप-डाऊन'. पहाटेची गाडी धरायची, दोन तास शिकायचे आणि अंधार पडता पडता घरी पोहोचायचे. श्रावणातल्या पावसात एकदोन तास चुकतात, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला घरी माणूस लागते आणि मग जाणे हळूहळू बंदच होते. जागा मिळाली होती. राहायला जागा मिळाली नाही म्हणून ती गेली. सरकारदरबारी या गळतीची नोंद 'गैरहजर' एवढ्या एका शब्दात होते.

मुलींच्या बाबतीत तर दिवाळीपर्यंतही वाट पाहावी लागत नाही. "एकटी पोर कुठं ठेवायची?" या प्रश्नापाशीच पुष्कळ घरांत बोलणे संपते. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगलाच आहे. पण फी ही कॉलेजच्या खिडकीवर भरायची असते. खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे दर महिन्याला घरमालकाच्या आणि मावशींच्या हातात ठेवावे लागतात. ते कुठून आणायचे हे फीमाफीच्या निर्णयात नाही.

राहायच्या जागेवाचून मिळालेली संधी कशी हातची जाते, याचे आपल्या इतिहासातले सर्वांत बोचरे उदाहरण खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तिथल्या हार्टले हॉल या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली. पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले आणि तिथे नवल भथेना हा पारशी मित्र त्यांना जन्माचा मिळाला. सातासमुद्रापलीकडे परक्या मुलखात राहण्याची अडचण आली नाही. १९१७ साली ते बडोद्याला परतले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले, त्यांच्याच संस्थानात नोकरी तयार असलेले. पण शहरात त्यांना कुणी खोली देईना. शेवटी जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना सामान आवरावे लागले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी येईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. महाराजांची मर्जी होती, पदव्या होत्या, नोकरी होती, पण रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. तेवढ्यासाठी बडोदा सुटले.

त्यानंतर बाबासाहेबांनी सार्वजनिक काम उभे केले तेव्हा पहिल्या कामांत वसतिगृह होते, हा योगायोग म्हणता येणार नाही. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेचे वसतिगृह सोलापूरला सुरू झाले. पुढे १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय त्यांनी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. तेव्हाच्या मराठवाड्याची स्थिती आठवली पाहिजे. निजामी राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती. १९२३ पासूनचे सरकारी इंटरमिजिएट कॉलेज सोडले तर पुढच्या शिक्षणासाठी हैदराबाद नाही तर नागपूर-पुणे गाठावे लागे. अशा मुलखात नुसते कॉलेज काढून भागणार नव्हते. नागसेनवनाच्या माळावर वर्गांच्या जोडीने वसतिगृहे उभी राहिली आणि मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून ट्रंक डोक्यावर घेतलेली पहिल्या पिढीची मुले तिथे आली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले. पण कितीतरी घरांतले उच्च शिक्षण त्याआधीच वसतिगृहाच्या एका कॉटवर सुरू झाले होते.

वसतिगृहाचे महत्त्व पश्चिम महाराष्ट्राला त्याही आधी कळले होते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. त्याच सुमारास जैन बोर्डिंग निघाले; १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, असे करत करत कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर झाले. जातवार बोर्डिंगे कशाला, असा प्रश्न आज कुणीही विचारील. महाराजांनी आधी सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले होते. तिथे शिक्षणात पुढे असलेल्यांचीच गर्दी झाली आणि खेड्यातली मुले बाहेर राहिली. दार सगळ्यांना उघडे ठेवले म्हणजे सगळे आत येतात असे नाही, हा धडा घेऊन त्यांनी प्रत्येक समाजाला आपापले बोर्डिंग चालवायला जागा, पैसा आणि पाठबळ दिले.

याच जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक दांडगा विद्यार्थी राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो हजर राहिला आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्याची सक्ती त्याने जुमानली नाही, म्हणून त्याला बोर्डिंगातून काढले. त्याचे नाव भाऊराव पाटील. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात स्वतःचे बोर्डिंग सुरू केले. तिथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी मुले एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडल्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मला त्या हकीकतीतला नुसता त्याग दिसत नाही, हिशेबही दिसतो. वसतिगृह चालवणे म्हणजे रोज इतक्या भाकरी, इतकी डाळ, इतके सरपण. हा हिशेब एक दिवस जरी चुकला तरी मुले उपाशी झोपतात.

स्त्रियांच्या शिक्षणातही हेच घडले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ चे, महर्षी कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. दोन्ही ठिकाणी आधी निवारा दिला गेला आणि त्याच्या आधाराने शाळा चालली. विधवा मुलीला शिकवायचे तर आधी तिला सुरक्षित झोपायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले. कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ मध्ये निघाले. हिंगण्याच्या झोपडीने त्याआधीच पाया घातला होता.

निवाऱ्यापलीकडेही वसतिगृहात बरेच काही मिळते. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचे काम पाहत होते. मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांच्या अस्ताव्यस्त वस्तू लावून ठेवणारे, त्यांच्यासाठी 'छात्रालय दैनिक' रोज हाताने लिहिणारे असे ते गृहपाल होते. घर सोडून आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला अशा माणसाने काय दिले असेल याची कल्पना करावी. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातल्या गरीब, होतकरू मुलांना जातपात न पाहता अल्प खर्चात ठेवून घ्यायचे आणि मुलांनीही वसतिगृहाची कामे वाटून करायची, ही तिची रीत. सरकारच्या तिजोरीकडे डोळे न लावता चाललेला हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

नागरिकत्वाचे पहिले धडेही वसतिगृहातच मिळतात. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. बंदी आली, मुलांवर कारवाई झाली आणि ठिणगी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेली. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची एक फळी अशी वसतिगृहाच्या खोल्यांतून तयार झाली.

आज काय आहे? योजना पुष्कळ आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी त्याच वेळची स्वयम् योजना आहे. मराठा मोर्चांनंतर जिल्ह्याजिल्ह्यात वसतिगृहे काढण्याची घोषणा झाली आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आली. ओबीसी मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ७२ वसतिगृहे ठरली, सोबत सावित्रीबाई फुले आधार योजना आली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची ही योजना, आणि पहिल्या टप्प्यात बीड, तेव्हाचे अहमदनगर आणि जालना हे जिल्हे. दसऱ्यानंतर कोयते घेऊन निघणाऱ्या जालन्यातल्या कुटुंबांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

म्हणजे कागदावर जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावाची एक योजना आहे. अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली अडचण अशी की आपण वसतिगृहाऐवजी भत्ता देऊ लागलो. इमारत बांधायला वर्षे लागतात, भत्त्याची घोषणा एका दिवसात होते. स्वाधारची सुरुवातीची रक्कम पाहा. विभागीय शहरांसाठी वर्षाला ५१ हजार. त्यात भोजनाचे २८ हजार आणि निवासाचे १५ हजार. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर जेवणाला दिवसाला साधारण ९३ रुपये आणि खोलीला महिन्याला दीड हजार. या पैशांत तरुण मुलाचे दोन वेळचे जेवण आणि शहरातली खोली कशी बसवायची, हे वाचकांनी आपल्या घरखर्चाशी ताडून पाहावे. आणि ही रक्कम तरी वेळेवर हाती पडावी! घरमालक पहिल्या दिवशी डिपॉझिट मागतो, खानावळवाल्या मावशी एक तारखेला पैसे मागतात, आणि भत्ता अर्ज, पडताळणी, हजेरी, मंजुरी अशा पायऱ्या चढत वर्ष उलटताना खात्यावर येतो. तोवर ज्याला उसने मिळाले तो टिकतो. ज्याला उसने मिळत नाही, त्याच्यासाठीच खरे तर ही योजना होती.

भत्त्याने आणखी एक गोष्ट दिली नाही. गृहपाल, वाचनाची खोली, आजारी पडलो तर विचारपूस करणारे माणूस, दुसऱ्या जिल्ह्यातला खोलीमित्र, यांतले काहीच पैशांबरोबर खात्यावर जमा होत नाही. वसतिगृहांच्या बोलीत 'पॅरासाइट' असा एक शब्द आहे. ज्याला खोली मिळाली त्याच्या खोलीत चोरून राहणारा मुलगा तो. एका कॉटवर दोघे झोपतात आणि तपासणी आली की एक जण मागच्या जिन्याने निघून जातो. या शब्दाला आम्ही शिक्षक हसत असू. पण त्यात मुलांनी आपसात चालवलेली एक मूक वसतिगृह योजनाच आहे. तिच्यात अर्ज नाही, पडताळणी नाही आणि पुष्कळदा जातही विचारली जात नाही.

दुसरी अडचण या जातीचीच. प्रत्येक समाजासाठी वेगळे वसतिगृह, वेगळा भत्ता, वेगळे महामंडळ, आणि मग 'त्यांना इतके, आम्हाला एवढेच का' हा झगडा. शाहू महाराजांनी जातवार बोर्डिंगे काढली तो काळ वेगळा होता आणि कारण खरे होते. ज्यांना आजही कित्येक घरमालक आडनाव ऐकून खोली नाकारतात, त्या मुलांसाठी राखीव वसतिगृहे राहिलीच पाहिजेत. बडोद्याची गोष्ट पुरती जुनी झालेली नाही. पण नव्याने जे बांधायचे ते भाऊरावांच्या नमुन्याचे का असू नये? एकच मोठे वसतिगृह, त्यात प्रत्येक प्रवर्गाचा वाटा कायद्याने पक्का, आणि स्वयंपाकघर मात्र एक. वाटा पक्का ठेवल्याने शाहू महाराजांना आलेला अनुभव टळेल आणि पंगत एक ठेवल्याने भाऊरावांचा अनुभव मिळेल. अंतरवालीचा मुलगा आणि वडीगोद्रीचा मुलगा तीन वर्षे एका खोलीत राहिले, एकमेकांच्या घरून आलेल्या डब्यातली चटणी त्यांनी वाटून खाल्ली, तर दोन मांडवांमधले अंतर पुढच्या पिढीत कमी होईल. ते काम कुठल्याही शासननिर्णयाला जमणारे नाही.

मागणी करायचीच तर ती नेमकी असावी. प्रवेशाच्या यादीबरोबरच वसतिगृहाची यादी लागावी. एकाच अर्जावर दोन्ही जागांचा निर्णय व्हावा. वसतिगृह कॉलेजच्या पहिल्या दिवशी उघडे असावे, दिवाळीच्या तोंडावर नव्हे. भत्ता द्यायचाच असेल तर पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळी आणि पुढचे दर महिन्याला द्यावेत. मुलींची वसतिगृहे तालुक्याच्या ठिकाणी असावीत. अंबडला, घनसावंगीला, परतूरला मुलगी राहू शकली तर जिल्ह्याच्या आणि विद्यापीठाच्या शहरात जाण्याची तिची आणि तिच्या आईची हिंमत आपोआप वाढते. आणि गृहपाल म्हणून बदलीवर पाठवलेला नाराज कारकून नको, मुलांत रमणारा माणूस नेमावा. त्याला पगार द्यावा, मान द्यावा आणि त्याच्यावर दुसऱ्या दहा कामांचे ओझे टाकू नये.

हे सगळे सरकारने करावे हे खरे. पण महाराष्ट्रात वसतिगृहे आधी लोकांनी चालवली, सरकार मागाहून आले. मूठमूठ धान्य गोळा करून बोर्डिंगे चाललेली आहेत. ती ताकद आज सरली असे कुणी म्हणत असेल तर त्याने २०२५ चा ऑगस्ट-सप्टेंबर आठवावा. आझाद मैदानावर उपोषण चालू होते, तेव्हा मुंबईत जमलेल्या लोकांचे हाल होऊ नयेत म्हणून गावोगावच्या बायांनी भाकरी थापल्या, ठेचा कुटला आणि गाड्या भरभरून मुंबईला पाठवल्या. कुणी निविदा काढली नाही, कुणी अनुदान मागितले नाही. चार दिवसांच्या आंदोलनासाठी जो समाज हे करू शकतो, त्याला शहरात शिकणाऱ्या आपल्या आणि शेजारच्या मुलांसाठी एक खानावळ वर्षभर चालवणे अवघड नाही. गावच्या सप्त्याला पंगती उठतात, लग्नात हजारो पाने वाढली जातात. त्यातली काही पाने विद्यार्थ्यांच्या नावाने राखून ठेवावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आरक्षणाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोपर्यंत दर जूनमध्ये मुले एस.टी.तून उतरत राहतील, हातात ट्रंकेच्या जागी पाठीवरची सॅक असेल एवढाच फरक. त्यांना विचारायचा पहिला प्रश्न 'कितीला लागलं मेरिट?' हा असू नये. 'राहायची सोय झाली का?' असे आधी विचारावे, आणि 'नाही' असे उत्तर आले तर ती सोय आपले काम समजावे.